गुंजवणीचे पाणी बंद नळातून

वेल्हे (आता राजगड) तालुक्यात धानेपजवळ कानंदी नदीवर गुंजवणी प्रकल्पाचे धरण आहे. त्याची साठवण ३.६९ टीएमसी, म्हणजे सुमारे साडेदहा कोटी घनमीटर. लाभक्षेत्र वेल्हे, भोर आणि पुरंदर या तीन तालुक्यांत आहे. हे पाणी उघड्या कालव्याऐवजी जमिनीखालच्या बंद नळातून न्यायचे ठरले.

कालव्याला डोंगराच्या कडेने, अगदी मंद उतार राखत, वळसे घेत जावे लागते. तो जमीन कायमची अडवतो, शिवाय पाझर आणि बाष्पीभवनाने वाटेत बरेच पाणी जाते. बंद नळ ओढ्यात उतरून पलीकडची चढणही चढतो, पण एका अटीवर. पाणी धरणातून ज्या उंचीवरून निघते, तिच्यातून घर्षणात गेलेली उंची वजा केली, की उरते तेवढ्याच उंचीपर्यंत ते आपोआप पोचते. म्हणून आखणी करणारे आधी मार्गाचा उभा छेद काढतात आणि त्यावर दाबाची उतरती रेषा मांडतात. जिथे जमीन त्या रेषेच्या वर जाते, तिथे मार्ग बदलायचा, नळाचा व्यास वाढवायचा, नाही तर पंप बसवायचा. खोलगट भागात उलटी काळजी असते: दर दहा मीटर खोलीमागे दर चौरस सेंटीमीटरवर साधारण एक किलो दाब वाढतो, तेव्हा नळाचा पत्रा जाड हवा.

नैसर्गिक वायूच्या वाहिनीला चढणीची एवढी फिकीर नसते. गेल कंपनीची दाभोळ-बंगळूरु वाहिनी सह्याद्री ओलांडून जाते. वायू हलका असतो आणि त्याला दाब यंत्राने दिलेला असतो. तिथे खरी धास्ती गळतीची.

भोर-वेल्ह्यात खोदाईचा हंगाम भात निघाल्यावर सुरू होतो आणि पावसाआधी आटोपावा लागतो. मातीचा थर संपला की काळा कातळ लागतो. तो फोडायला ब्रेकर किंवा सुरुंग. चराच्या तळाशी मऊ मातीचा थर देऊन नळ उतरवतात, सांधे वेल्ड करून तपासतात. वळणांवर काँक्रीटचे ठोकळे लागतात, कारण पाण्याचा रेटा नळाला बाहेर ढकलतो. उंचवट्यांवर हवा सोडणारे आणि सखल जागी गाळ काढणारे व्हॉल्व्ह बसतात. शेवटी नेहमीपेक्षा जास्त दाबाने पाणी भरून चाचणी. खाचराची वरची माती वेगळी राखून पुन्हा वर पसरली नाही, तर शेतकऱ्याची पुढची काही पिके बुडालीच म्हणायची.

जमिनीच्या हक्काबाबत वायू आणि तेलाच्या वाहिन्यांसाठी १९६२चा केंद्रीय कायदा आहे. जमीन शेतकऱ्याचीच राहते, सरकार फक्त वापरहक्क घेते; नुकसानभरपाईखेरीज बाजारभावाच्या दहा टक्के रक्कम मिळते. वाहिनीवरच्या पट्ट्यात पीक घेता येते. घर, विहीर किंवा झाड मात्र नाही.

गुंजवणीत वाद चिघळला तो पाण्याच्या वाट्यावरून. नियोजनातल्या २१,३९२ हेक्टरांपैकी पुरंदरला ११,१०७, भोरला ९,४३५ आणि धरण ज्या तालुक्यात आहे त्या वेल्ह्याला ८५०. वरच्या गावांना पाणी चढवणाऱ्या वाजेघर, वांगणी यांसारख्या उपसा योजना आधी करा, मग नळ पुढे न्या, अशी मागणी करत शेतकऱ्यांनी काम अडवले. ही मागणी तांत्रिकदृष्ट्याही रास्त आहे. उपशाचे पाणी मुख्य नळाच्या व्यासात आणि दाबात आधीच धरावे लागते. नळ पुरल्यानंतर व्यास वाढवता येत नाही.