फाइल निघाली सर्व्हरला (भाग ९) : बुट्ट्यात घुसलेला बाइट

एफटीपीच्या पॅसिव्ह मोडचा ठरलेला विषय पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण सुरतेतल्या उधन्याहून आलेला प्रश्न आधी घ्यायलाच हवा. या वाचकांकडे एम्ब्रॉयडरीची मल्टिहेड मशिनं आहेत. डिझाइनची फाइल बनवणारा पंचिंगवाला साडीची डिझाइन आपल्या लिनक्स सर्व्हरवर ठेवतो आणि हे ती विंडोजवर एफटीपीने उतरवून घेतात. बुट्टा नीट सुरू होतो, पण पहिल्याच पाकळीत धागा सैरावैरा धावू लागतो. तीच डिझाइन पेनड्राइव्हवरून आणली, तर काम निर्मळ. एफटीपीने आलेली फाइल आकाराने थोडी मोठी आहे, हेही त्यांनी कळवलं. त्यातच सगळं निदान आलं. फाइल आस्की मोडमध्ये, म्हणजे मजकुरासाठीच्या मोडमध्ये, उतरली आहे.

एम्ब्रॉयडरीची डिझाइन ज्यात साठवतात, त्या डीएसटी फाइलीत आधी ५१२ बाइटांचा मथळा असतो. पुढे प्रत्येक टाक्याला ३ बाइट, मोजमाप ०.१ मिलिमीटरचं. त्यातल्या पहिल्या बाइटात १० आला, तर तेवढ्याने आडवं सरकणं होतं १ मिलिमीटर. अगदी रोजचा टाका. पण आस्की मोडला हा १० म्हणजे ओळीचा शेवट वाटतो. विंडोजला ओळीच्या शेवटी १३ आणि १० अशी जोडी लागते, म्हणून त्या १० च्या आधी एक १३ घातला जातो. तिथून पुढची सगळी त्रिकुटं एका घराने सरकतात. असे तीन बाइट घुसले की त्रिकुटं पुन्हा जुळतात. म्हणून त्या गुंत्यातही मधूनच चार टाके बरोबर पडतात. चढवताना उलटं होतं : १३-१० जोडीतला १३ गळतो, आणि तो कुठून गळला हे नंतर ओळखता येत नाही.

मग असा मोड ठेवलाच कशाला? आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले अभय भूषण यांनी एमआयटीत असताना एप्रिल १९७१ मध्ये एफटीपीचा पहिला मसुदा लिहिला. तेव्हा अर्पानेट या संगणकजाळ्यावरच्या यंत्रांची अक्षरं साठवण्याची रीतही एकसारखी नव्हती. मजकूर सगळीकडे वाचता यावा, तर वाटेत रूपांतर हवंच होतं. एफटीपीच्या १९८५ च्या मानकातही न सांगता लागू होणारा प्रकार आस्कीच राहिला. बाइट बदलण्याची ही खोड इतकी परिचित होती, की पीएनजी चित्राच्या पहिल्या आठ बाइटांत १३, १०, २६, १० मुद्दाम पेरले आहेत. आस्कीने हात लावला की खूण बिघडते आणि चित्र उघडण्याआधीच फाइल खराब झाल्याचं कळतं. डीएसटीला असा पहारेकरी नाही. बिघाड थेट कापडावर उमटतो.

उपाय सोपा आहे. विंडोजच्या कमांड खिडकीतला एफटीपी आस्कीतच सुरू होतो, म्हणून फाइल मागवण्याआधी ‘बायनरी’ हा आदेश द्या, म्हणजे बाइट जसेच्या तसे येतील. फाइलझिलात ट्रान्सफर टाइप ‘ऑटो’वरून ‘बायनरी’वर न्या. फाइल उतरल्यावर प्रॉपर्टीजमध्ये ‘साइझ’ समोरची बाइटसंख्या सर्व्हरवरच्या आकड्याशी ताडून पाहा. ‘साइझ ऑन डिस्क’ बघू नका, तो वेगळाच असतो. एका बाइटाचा जरी फरक दिसला, तरी ती डिझाइन मशीनवर चढवू नका. आणि पंचिंगवाल्यालाही चढवताना बायनरीच ठेवायला सांगा, कारण तिथे गळलेला बाइट तुमच्या बाजूने कधीच भरून निघणार नाही.