भयाशी परिचय

डंकर्कहून 1940 साली माघारी आलेल्या ब्रिटिश फौजेपुढे शस्त्रांच्या टंचाईइतकाच बिकट असा आणखी एक प्रश्न उभा होता, तो हा की, कवाईतीच्या मैदानावर निर्दोष ठरणारा शिपाई गोळीबाराच्या पहिल्याच आघाताने जागच्या जागी खिळून जातो, त्याला तालमीत काही इलाज आहे काय. लायोनेल विग्रम या पेशाने वकील असलेल्या अधिकाऱ्याने हा प्रश्न अंगावर घेतला, आणि पुढच्या दोन वर्षांत ज्या युद्धशाळा निघाल्या, त्यांत चिखलातून सरपटणाऱ्या जवानांच्या डोक्यावरून खऱ्या गोळ्या झाडल्या जाऊ लागल्या. देवीच्या लशीप्रमाणे भयाचीही बेताची मात्रा आधी टोचावी, अशी ही कल्पना. मात्र तिचे सारे यश मात्रेच्या क्रमात होते.

हा क्रम अतिउत्साही शिक्षकांना मानवला नाही. जवानांना कत्तलखान्यात नेऊन रक्ताची सवय लावावी, द्वेषाच्या आरोळ्यांनी त्यांचे माथे भडकवावे, असेही प्रकार सुरू झाले. संतापलेला माणूस निर्भय असतो, हा समज रंगभूमीवर शोभतो. फौजेतील मनोविकारतज्ज्ञांना मात्र अशा तालमीतून शौर्यापेक्षा शिसारी आणि विषण्णताच अधिक उपजताना दिसली, आणि त्यांच्या हरकतीनंतर 1942 मध्ये सरसेनापती पॅजेट यांनी ती हुकमाने बंद केली.

विग्रम यांनी 1943 साली सिसिलीच्या रणांगणावरून जो अहवाल धाडला, तो वरिष्ठांना मुळीच रुचला नाही, पण मला तो त्यांच्या शाळांहूनही मोलाचा वाटतो. साधारण बावीस जणांच्या तुकडीत सहा जण कोठेही धडक मारतात, बारा जण नेता चांगला असेल तर मागोमाग जातात, आणि चारसहा पळ काढतात, असे त्यांनी लिहिले. मनाचे बळ एकेकट्याच्या छातीत जितके असते, तितकेच शेजारच्या सोबत्यात आणि पुढे चालणाऱ्यात असते, हे या हिशेबातून उघड होते.

शिवाय हे बळ खर्च होते. पहिल्या महायुद्धात पलटणीचे डॉक्टर असलेल्या लॉर्ड मोरान यांनी 1945 च्या आपल्या ग्रंथात धैर्याला मर्यादित भांडवल म्हटले. पाठोपाठ 1946 मध्ये आपेल व बीब या अमेरिकी अभ्यासकांनी, शिपाई लढाईचे दोनशे ते दोनशेचाळीस दिवस भरले की निकामी होतो, असा अंदाज बांधला. ब्रिटिशांचा अंदाज चारशेचा होता, आणि त्याचे कारण एवढेच की बारा दिवसांच्या आत त्यांच्या पलटणीला आघाडीवरून काढून चार दिवस विश्रांती मिळे.