गुडघा बदलायचाय? आधी हिमोग्लोबिन बघा

गुडघा बदलायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न पैशांचा, आणि दुसरा, 'रक्ताच्या किती बाटल्या लागतील?' मग मुलं, पुतणे, जावई रक्त द्यायला तयार होतात. ही आपुलकी मोलाचीच. पण त्याआधी आपण विचारायला हवं, अम्मीचं हिमोग्लोबिन किती आहे?

आपल्या कासू परिसरातून अशा ऑपरेशनसाठी बहुतेकांना पनवेल, नवी मुंबई किंवा मुंबई गाठावी लागते. तिथे गेल्यावर रक्त कमी निघालं तर तारीख पुढे जाते, नाहीतर रक्त चढवण्याची वेळ येते. तीच साधी तपासणी दोन महिने आधी पेणला केली, तर उपचाराला वेळ मिळतो.

या ऑपरेशनमध्ये मांडीच्या आणि नडगीच्या हाडाची टोकं कापून कृत्रिम सांधा बसवतात. कापलेल्या हाडातून रक्त झिरपतं. मांडीला आवळपट्टा, म्हणजे टूर्निकेट, बांधला की ऑपरेशन चालू असताना रक्त कमी दिसतं. पट्टा सोडल्यावर मात्र ते सांध्यात आणि भोवतालच्या मांसात साचतं. पूर्वी एकूण एक ते दीड लिटर रक्त जायचं, आणि त्यातलं निम्मं तरी डोळ्यांना दिसायचंच नाही. ६० किलो वजनाच्या बाईच्या अंगात रक्तच साधारण ४ लिटर असतं, हे लक्षात घ्या.

आता चित्र बदललंय. त्यात मोठा वाटा ट्रानेक्झामिक ॲसिड या औषधाचा. उताको आणि शोसुके ओकामोतो या जपानी दांपत्याने ते शोधलं आणि १९६२ मध्ये जगापुढे आणलं. रक्ताची गुठळी धरल्यावर शरीर ती विरघळवू लागतं. हे औषध ते विरघळणं रोखतं. शिरेतून, गोळीने किंवा थेट सांध्यात देता येतं, आणि महागही नाही. यामुळे रक्त चढवण्याची गरज बरीच कमी झाली आहे. पण पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली असेल, हृदयात स्टेंट असेल, फिट येत असतील किंवा किडनीचा त्रास असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा.

तरीही हिमोग्लोबिन थोडं उतरतंच. १३ वरून १०.५ वर आलेला पेशंट सहसा रक्त न चढवता सावरतो. ९.५ वरून ७ वर आलेल्याला बाटली लागते. साधारण ८ च्या खाली गेल्यावर डॉक्टर रक्त चढवण्याचा विचार करतात. एका बाटलीने हिमोग्लोबिन सुमारे १ ने वाढतं. म्हणून सुरुवात कुठून होते, यावर पुढचं पुष्कळसं ठरतं.

आणि आपल्याकडे सुरुवातच कमी असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. वय वाढल्यावर तो आपोआप जात नाही.

त्यात आणखी एक गोष्ट. नमाज खुर्चीवर बसून पढायची वेळ आली तरी आपल्या आया-खाला वर्षानुवर्षं मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून खातात. या गोळ्यांनी जठरात जखम होऊन आतल्या आत रक्त जाऊ शकतं. म्हणजे गुडघ्यासाठी घेतलेली गोळीच रक्त कमी करते! शौचाला डांबरासारखं काळं होत असेल तर लाजू नका, डॉक्टरांना दाखवा. रक्त का कमी झालं हे कळल्याशिवाय नुसत्या लोहाच्या गोळ्या खाऊन भागत नाही.

लोहाची कमतरता असेल तर गोळ्यांचा परिणाम दिसायला कित्येक आठवडे लागतात. गोळीवर लगेच चहा पिऊ नका, लिंबूपाणी चालेल. वेळ कमी असेल तर डॉक्टर शिरेतून लोह देतात.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका आणि लपवूही नका. कुठली गोळी किती दिवस आधी थांबवायची, की चालूच ठेवायची, हे हृदयाचे आणि हाडांचे डॉक्टर मिळून ठरवतील.

रक्तदाते जरूर तयार ठेवा. पण ऑपरेशनची तारीख घेण्याआधी रक्ताचा रिपोर्ट हातात असू द्या.