लाइट गेली तरी काम तुटू नये : टर्मिनलसाठी काही सोप्या कळा

शहापूर-मुरबाडच्या गावांत बसून आपली जी मुलं-मुली दूरच्या सर्व्हरवर काम शिकतात, त्यांची एक अडचण आपण जाणतो. लाइट गेली की वायफाय बंद, मोबाइलची रेंजही डळमळते आणि टर्मिनलमधलं काम मध्येच तुटतं.

यावर 'टीमक्स' हा २००७ पासूनचा मोफत प्रोग्राम उपयोगी आहे. तो सर्व्हरवर चालवावा. मग आपलं कनेक्शन तुटलं तरी सेशन तिथे चालूच राहतं. पुन्हा जोडल्यावर 'टीमक्स अटॅच' अशी आज्ञा द्यायची. मात्र टीमक्स आपल्याच लॅपटॉपवर असेल आणि लॅपटॉप बंद पडला, तर सेशनही जातं.

एकापेक्षा जास्त सेशन असतील तर कंट्रोल आणि बी एकत्र दाबून सोडा. त्यानंतर :

• एस : सेशनची यादी
• डावा किंवा उजवा गोल कंस : मागचं किंवा पुढचं सेशन
• मोठा एल : आधी वापरलेलं सेशन
• डी : काम चालू ठेवून बाहेर

दरवेळी दोन टप्पे नको असतील, तर सर्व्हरवरच्या होम फोल्डरमधल्या 'डॉट-टीमक्स-डॉट-कॉन्फ' फाइलमध्ये 'बाइंड डॅश-एन एम-राइट स्विच-क्लायंट डॅश-एन' ही ओळ इंग्रजी अक्षरांत लिहा. ऑल्ट आणि उजवा बाण दाबला की पुढचं सेशन येईल. मागे जायला दुसऱ्या ओळीत 'राइट'ऐवजी 'लेफ्ट' आणि शेवटी 'डॅश-पी' लिहा. 'टीमक्स सोर्स-फाइल' आणि पुढे फाइलचं नाव दिलं की बदल लागू होतो.

घरच्या मोठ्यांनीही एवढं जाणून घ्यावं : लाइट गेली म्हणजे पोरांची मेहनत वाया गेलीच, असं नाही.