आधी पडताळणी, मग निवाडा

जून २०२५ मधली गोष्ट. मीरा रोडला गवंडीकाम करणाऱ्या, मूळच्या मुर्शिदाबाद जिल्ह्यातल्या एका मजुराला पोलिसांनी चौकशीसाठी नेले. तो बांगलादेशी असावा असा संशय होता. गावाकडून घरच्यांनी मतदार ओळखपत्र, आधार, रेशनकार्ड आणि ग्रामपंचायतीने दिलेली वंशावळ असे कागद धाडले. तरीही काही दिवसांतच त्याला सीमेपलीकडे बांगलादेशात ढकलले गेले. मग पश्चिम बंगाल सरकारने धावपळ केली, दोन्ही देशांच्या सीमा दलांत बोलणे झाले आणि तो परत आला. महाराष्ट्रात मजुरी करणारे आणखी काही बंगाली भारतीयही त्याच सुमारास असेच गेले आणि असेच परतले.

मीरा रोड आणि आपली वसई यांच्यामध्ये खाडी आहे, पण पोलीस आयुक्तालय एकच आहे. म्हणून या बातमीनंतर नालासोपाऱ्याच्या चाळींतून बायका एकमेकींना विचारू लागल्या, ‘आपले कागद पुरतील का गं?’ दुसरीकडे नालासोपारा, विरार, वालीव इथून पासपोर्ट-व्हिसा नसलेले बांगलादेशी सापडल्याच्या बातम्याही वर्षातून अनेकदा येतात, आणि त्या सगळ्या काही खोट्या नसतात. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. आपल्याकडे मात्र जो तो यातली एकच गोष्ट पाहतो.

सूरह अल-हुजुरातमध्ये मोमिनांना ताकीद आहे की बेभरवशाचा माणूस खबर घेऊन आला तर आधी तिची शहानिशा करा, नाहीतर अजाणता एखाद्या समूहाला इजा पोहोचेल आणि मागून पस्तावा होईल. ही ताकीद पोलिसांना लागू आहे, शेजाऱ्यांना आहे, आणि खोली भाड्याने देणाऱ्या आपल्या भाईजानलाही आहे.

सुरुवात भाईजानपासूनच करू. आचोळे, संतोष भुवन, धानीव, पेल्हार या पट्ट्यात चाळीतली खोली हा कितीतरी कुटुंबांच्या पोटाचा आधार आहे. खोली दलालामार्फत जाते. चाळच अनधिकृत असेल तर भाडेकरार नोंदवायला मालक कचरतो. करार नाही, म्हणून पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहितीही जात नाही. मग ज्याच्याकडे धड कागद नाहीत त्याच्याकडून हजार-पाचशे जास्त उकळता येतात, कारण तो तक्रार करायला कुठे जाणार? नाक्यावरही तेच. बिगाऱ्याला कबूल केलेली मजुरी ठेकेदाराने बुडवली, तर कागद नसलेला माणूस गप्प बसतो. म्हणजे बेकायदा आलेला माणूस हा सगळ्यात फायद्याचा भाडेकरू आणि सगळ्यात स्वस्त मजूर ठरतो. त्याला सीमा ओलांडून देणारा दलाल तिकडे असतो, पण त्याला इथे टिकवणारा नफा आपल्या गल्लीत वाटला जातो. बांगलादेशाची सीमा ४,०९६ किलोमीटरची आहे. तिच्यावर कितीही तारा लावल्या तरी हा नफा चालू असेपर्यंत माणसे येत राहणार.

आणि येणारा प्रत्येकजण स्वतःच्या मर्जीने येतो असेही नाही. जुलै २०२५ मध्ये नायगावातून पोलिसांनी आणि स्वयंसेवी संस्थांनी मिळून एका अल्पवयीन बांगलादेशी मुलीला देहविक्रीच्या जाळ्यातून सोडवले. तिच्याकडेही पासपोर्ट नव्हता. तिला घुसखोर म्हणणार आहात का? ती ज्या इमारतीत होती तिथेही शेजारी होते, खोलीला मालक होता.

१९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदाराने प्रत्येक मजुराला फोटो लावलेले पासबुक द्यावे, अशी तरतूद होती. नाक्यावर असे पासबुक कोणी पाहिले असेल तर नशीबच. परराज्यातून आलेला मजूर कोण, कुठला आणि कोणी आणला, हे एका वहीत लिहिलेले असते तर मालदा-मुर्शिदाबादच्या भारतीय मजुराला त्याच वहीने वाचवले असते आणि बनावट नावाने आलेल्यालाही तिनेच उघडे पाडले असते.

आता सरकारची बाजू. १ सप्टेंबर २०२५ पासून देशात नवा इमिग्रेशन व परकीय नागरिक कायदा लागू झाला. वैध कागदांशिवाय देशात शिरणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, आणि बनावट पासपोर्ट-व्हिसा वापरणाऱ्याला दोन ते सात वर्षे कैद, अशा शिक्षा त्यात आहेत. त्याबद्दल तक्रार नाही. प्रत्येक देशाला आपले दार राखण्याचा हक्क आहे. काळजीची बाब वेगळी आहे. आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार जुन्या कायद्याप्रमाणे नव्यातही संशयितावरच आहे. शिवाय मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केले की आधार, पॅन, मतदार ओळखपत्र एवढ्यावर कोणी नागरिक ठरत नाही. मग गरिबाने दाखवायचे काय?

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये आसाममधल्या एका माणसाच्या खटल्यात याला थोडा आवर घातला. सरकारने आधी संशयाला आधार दाखवावा, वाटेल त्याला उचलून ‘सिद्ध कर’ म्हणता येणार नाही, आणि नावाच्या स्पेलिंगमधल्या किरकोळ फरकावरून कोणी परका ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. २०१२ मध्ये परकीय ठरवलेला तो माणूस बारा वर्षांनी भारतीय ठरला. निकाल लागला तेव्हा तो हयात नव्हता.

घाईचे फळ बीरभूमच्या एका गर्भवतीनेही भोगले. दिल्लीत पकडून तिला कुटुंबासह बांगलादेशात पाठवले. कलकत्ता उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये ती रवानगी रद्द केली. डिसेंबरात ती आणि तिचा लहान मुलगा परतले. मूळ राज्याकडून चौकशी करून घ्या, असे केंद्रीय गृहमंत्रालयाच्याच पत्रात लिहिलेले असताना हे घडले. आणि हे नवे नाही. जुलै १९९८ मध्ये मुंबईतून बंगाली बोलणाऱ्या जरी-कारागिरांना रेल्वेत बसवून धाडले, तेव्हा हावड्याजवळ उलुबेरिया स्थानकात लोकांनी गाडी अडवून त्यांना उतरवून घेतले होते. बंगाली ही सीमेच्या दोन्ही बाजूंची भाषा आहे. बोलीवरून देश ओळखता आला असता तर कागदांची गरजच पडली नसती.

पकडणे आणि हाकलणे याखेरीज तिसरी वाटही आहे, आणि ती कोकणातल्या घरांना चांगली ठाऊक आहे. आपल्यापैकी कितीजणांचे मामा-चुलते व्हिसा संपल्यावरही आखातात राहिले आणि माफीची मुदत जाहीर झाल्यावर घरी आले! संयुक्त अरब अमिरातीने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ अशी मुदत दिली होती. दंड न भरता कागद नीट करा किंवा निघून जा, पुन्हा येण्याची बंदी नाही. आपल्याकडेही अशी मुदत दिली तर कितीतरी लोक आपल्या पायांनी परत जातील. तुरुंग आणि कोर्ट यांवरचा बोजा हलका होईल, आणि पोलिसांना खऱ्या दलालांमागे जायला सवड मिळेल. खबऱ्या होण्यापेक्षा जमातीने ही मागणी लेखी करावी. मशिदीच्या ट्रस्टींनी जुम्म्यानंतर तासभर टेबल मांडून भाडेकरूची माहिती पोलिसांच्या पोर्टलवर भरून द्यायला दोन शिकलेली मुले बसवावीत.

राहिले घरचे काम, आणि ते बहुतेक वेळा आपल्या भगिनींच्याच अंगावर येते. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक आहे. त्यानंतर जन्मलेल्याला आई किंवा वडील नागरिक असल्याचे दाखवावे लागते, आणि ३ डिसेंबर २००४ पासून नियम आणखी कडक आहे. त्यामुळे प्रश्न आपल्या जन्मापुरता राहत नाही, तो अम्मी-अब्बांपर्यंत जातो. दाईच्या हातून घरी जन्मलेली, शाळेत न गेलेली, निकाहनंतर ‘खातून’ची ‘शेख’ झालेली बाई इथेच अडते. आसाममध्ये लाखो विवाहित स्त्रियांचे हेच झाले. माहेरशी नाते दाखवायला त्यांच्याकडे ग्रामपंचायतीचा दाखला तेवढा होता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये, पडताळणीच्या अटीवर, तो दाखला ग्राह्य धरला.

तेव्हा या महिन्यात एवढे करा. शाळा सोडल्याचा दाखला नसेल तर शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मागवा. निकाहनाम्यात वडिलांचे नाव आधारवर आहे तसेच आहे का, ते पाहा. माहेरच्या गावचा सातबारा, जुनी मतदारयादी, अब्बांचे रेशनकार्ड यांच्या प्रती आणवून घ्या. जन्माची उशिरा नोंद करायची असेल तर दलालाला पैसे देऊ नका, रीतसर अर्ज करा. २०२५ मध्ये अशा दाखल्यांवरून राज्यात चौकशी बसली आहे आणि खोटा दाखला खऱ्या माणसालाही संशयित बनवतो. आणि मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा. नालासोपाऱ्यात पावसाचे पाणी तळमजल्याच्या खोल्यांत शिरायला एक रात्र पुरते.