वारशाच्या जतनाचा खर्च कोणी सोसावयाचा?

ऐतिहासिक वारसा म्हटला की अजिंठ्याची लेणी, रायगड किंवा मुंबईतील गोथिक इमारती डोळ्यांपुढे येतात. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्याचे नाव या संदर्भात सहसा कोणी घेत नाही. भाताचे कोठार, राइस मिलची गावे आणि विड्यांचा धंदा एवढीच या जिल्ह्याची बाहेर ओळख. वस्तुतः अर्जुनी मोरगाव तालुक्यातील प्रतापगड, गोंदिया शहराजवळचे नागरा येथील शिवमंदिर, माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतील गोंड बांधव जेथे जमतात ती सालेकसा तालुक्यातील कचारगडची गुहा आणि गावोगावचे मालगुजारी तलाव, हा सारा वारसाच होय. प्रश्न आहे तो त्याची काळजी कोणी वाहावयाची, हा.

कायद्यातील उणीव

प्राचीन स्मारकांसंबंधी केंद्राचा कायदा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा. पहिला राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांसाठी, दुसरा राज्य संरक्षित स्मारकांसाठी. परंतु या दोन्ही याद्यांत न बसणाऱ्या, तरीही गावाच्या ओळखीचा भाग असलेल्या वास्तूंचे काय? जमीनदाराचा वाडा, जुनी शाळा, बाजारपेठेतील लाकडी सज्ज्यांची घरे यांना त्या कायद्यांत आसरा नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी १९९५ साली मुंबईत वारसा नियमावली लागू झाली आणि वारसा जतन समिती अस्तित्वात आली. पुढे नागपुरातही अशी समिती नेमण्यात आली. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत वारसा जतनाच्या तरतुदी असल्याने ही कल्पना आता महानगरांपुरती राहिलेली नाही.

अशा समितीचे काम नेमके कोणते? महत्त्वाच्या वास्तूंची यादी करणे, त्यांची श्रेणी ठरविण्यास साहाय्य करणे आणि बदलाचा प्रस्ताव आला की सल्ला देणे. मुंबईच्या नियमावलीत तीन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीच्या वास्तूला जवळजवळ हात लावता येत नाही, तर तिसरीत बदलाला बराच वाव असतो. समितीत वास्तुविशारद, अभियंते व इतिहासाचे अभ्यासक असतात, अंतिम निर्णय मात्र पालिका आयुक्तांचा. म्हणजे समिती ही न्यायासन नव्हे, सल्लागार आहे. तरीही सर्वसामान्य घरमालकाच्या दृष्टीने ती मनाई करणारी आणखी एक कचेरीच ठरते. याला कारण आहे.

लाभ सर्वांचा, भार एकाचा

जुन्या वाड्याने गावाला शोभा येते, ती रस्त्याने जाणारा प्रत्येक जण विनामूल्य अनुभवतो. छप्पर शाकारण्याचा खर्च मात्र एकट्या मालकाचा. तेथे दुकानांची इमारत उभी करून मिळाले असते ते भाडेही त्यालाच गमवावे लागते. लाभ समाजाचा आणि भार व्यक्तीचा अशी विभागणी जेथे होते, तेथे केवळ उपदेशाने काम भागत नाही. बंदी घातली तर मालक पाडणार नाही कदाचित, पण दुरुस्तीही करणार नाही, आणि जे घणाने व्हावयाचे ते चार पावसाळे करतील.

न्यूयॉर्कमध्ये १९६३ साली पेन्सिल्व्हेनिया रेल्वे स्थानकाची भव्य इमारत पाडण्यास प्रारंभ झाला, आणि त्या धक्क्यातून १९६५ साली तेथील जतन आयोग स्थापन झाला. १९७८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या खटल्यात या आयोगाचे निर्बंध वैध ठरविले. स्थानकावर मनोरा बांधता येत नसला तरी तो बांधकामाचा हक्क मालकाला जवळच्या अन्य भूखंडांवर वापरता येतो, ही गोष्ट न्यायालयाने विचारात घेतली होती. मुंबईतील टीडीआरमागेही हेच तत्त्व आहे. परंतु जेथे जागेला सोन्याचा भाव, तेथेच या हक्काला गिऱ्हाईक. आमगाव किंवा देवरीसारख्या गावात तो घेणार कोण? तेथे मालमत्ता करात सूट, दुरुस्तीसाठी अल्प व्याजाचे कर्ज आणि जुन्या कामाचे जाणकार सुतार व गवंडी मिळवून देणे, हेच उपाय उपयोगी पडतील.

तलावांचा धडा

जतनाचा भार कोणावर, हे न ठरविल्यास काय होते, ते या जिल्ह्याने एकदा अनुभवले आहे. गोंड राजवटीत कोहळी समाजाने तलाव बांधले. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे परंपरा सांगते. पुढे मालगुजारीच्या काळात मालगुजार आणि रयत मिळून पाळीची निगा राखत. त्या व्यवस्थेत अन्याय होता आणि ती जाणे योग्यच होते. १९५० च्या मध्य प्रदेशच्या कायद्याने १९५१ पासून मालकी हक्क नष्ट झाले आणि तलाव शासनाचे झाले. मात्र मालकी बदलली तशी निगेची जबाबदारी कोणाच्या अंगाला चिकटली नाही. निस्तार हक्काचे पाणी घेणाऱ्यांकडून पाणीपट्टी मिळेना आणि उत्पन्न नाही म्हणून दुरुस्तीला पैसा मिळेना. मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे, आणि गाळ सर्वांच्याच तलावात!

म्हणूनच जिल्ह्यात वारसा जतन समिती व्हावयाची तर तिने केवळ इमारती मोजून थांबू नये. तिच्यात वास्तुविशारदाइतकेच महत्त्वाचे स्थान पाटबंधारे अभियंत्याला, ढिवरांच्या मच्छीमार संस्थेच्या प्रतिनिधीला आणि कचारगडची परंपरा जाणणाऱ्या गोंड वडीलधाऱ्यांना असावे. यादीतील प्रत्येक नोंदीपुढे तीन रकाने हवेत : निगा कोण राखणार, पैसा कोठून येणार आणि पाहणी केव्हा होणार. हे रकाने कोरे राहिले तर यादी सुबक छापली जाईल, तिचे प्रकाशनही थाटाने होईल, आणि पाळ मात्र पुढच्या पावसाळ्यात तशीच खचत राहील. वारसा कागदावर घोषित करणे सोपे आहे. दरवर्षी त्याच्या पाळीवर माती टाकावी लागते, ती कोणी टाकावयाची हे ठरविणे, हेच समितीचे पहिले काम होय.