जुना भुसा आणि संध्याकाळचा ताप



गेल्या पावसाळ्यात आमच्या एका गटातील सभासदाने शेडमधला दोन वर्षांचा भुसा उपसायला काढला. गोठ्यात पसरायचा होता. सकाळी काम केले आणि संध्याकाळी हुडहुडी भरून ताप, कोरडा खोकला, दम. मलेरियाच्या गोळ्या झाल्या. दोन दिवसांत बरे वाटले की गडी पुन्हा भुशात, की पुन्हा संध्याकाळी ताप. महिनाभर हेच. अखेर छातीच्या डॉक्टरांनी "काम काय करता?" असे विचारले, तेव्हा उलगडा झाला. या आजाराला बगॅसोसिस म्हणतात. अमेरिकेच्या लुइझियाना ऊसपट्ट्यातून १९४१ साली त्याची पहिली नोंद झाली.

ताज्या भुशाने हा आजार होत नाही, हे आधी सांगून टाकतो. मिलमधून निघालेल्या भुशात जवळजवळ निम्मे पाणी आणि थोडी साखर असते. ढीग लावला की तो आतून तापतो; हात घालून पाहिलेल्यांना ठाऊक आहे. त्या उबेत बुरशीसारखे दिसणारे जिवाणू वाढतात. त्यांचे बीजाणू मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. भुसा वाळून उडाला की ते नाकात न अडकता थेट फुप्फुसाच्या शेवटच्या हवापिशव्यांत पोचतात.

तिथे राखणीला मॅक्रोफेज नावाच्या पेशी असतात. त्या बीजाणू गिळतात आणि हाकाटी करतात. काही तासांत रक्तातून न्यूट्रोफिल धावत येतात, मागाहून लिम्फोसाइट. बीजाणू शरीरात वाढून रोग करतात असे नाही. दंगा आपल्याच पेशींचा. हरभऱ्यात शिरलेले वासरू हाकलायला सारा गाव धावावा आणि पीक माणसांच्याच पायाखाली जावे, तसे होते. या पेशींचे रासायनिक निरोप रक्तावाटे अंगभर जातात. मेंदूला पोचले की ताप चढतो, स्नायू दुखतात. म्हणून दुखणे छातीचे, पण माणूस सांगतो "अंग मोडून आलंय".

एकाच ढिगावर चौघे राबतात आणि आजारी एकच पडतो, कारण ज्याच्या लिम्फोसाइटनी त्या बीजाणूंशी वैर धरले, त्यालाच त्रास. घरचे म्हणतात, बाकीच्यांना काही नाही, याचीच नाटकं. तसे नसते.

काम थांबले तर बहुधा फुप्फुस सावरते. वर्षानुवर्षे थोडा थोडा भुसा नाकात जात राहिला तर ताप येईनासाही होतो आणि माणसाला वाटते, सवय झाली. आत मात्र पेशींच्या गाठी बनून फुप्फुसात व्रणासारखे तंतू धरतात. वजन उतरते, बांध चढताना धाप लागते. हे तंतू परत विरघळत नाहीत.

औषधाचे डॉक्टर पाहतील. आम्ही भुशापुरते बोलतो. भुसा साठवायचाच तर उन्हात पुरता वाळवून, छपराखाली ठेवावा. जुना ढीग उपसताना पाणी शिंपडावे, पण ओला केलेला पुन्हा रचू नये, सरळ कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावा. तोंडाला बांधलेल्या उपरण्याने हे बीजाणू अडत नाहीत. घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो. ज्याला एकदा त्रास झाला, त्याने मास्क लावूनही त्या ढिगाकडे जाऊ नये. आणि दवाखान्यात गेल्यावर, विचारले नाही तरी, भुशाचे काम केले हे आपणहून सांगावे.